मेसाचा आमदार आणि ‘कागद दाखवा’ कायदा: रसेल पिअर्स प्रकरण सोप्या भाषेत

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नातेवाइकांशी गेल्या वर्षभरात बोलला असाल, तर एक सल्ला कानावर पडला असेल: घराबाहेर पडताना आय-९४ची (देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) प्रत किंवा ग्रीन कार्ड, जे असेल ते खिशात ठेवा. कारण सरळ आहे. परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा नवा नियम तिथे ११ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. अठरा वर्षांवरच्या बिगर-नागरिकाने नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगावा, ही तरतूद अमेरिकी कायद्यात कितीतरी दशकं पडून होती. तिच्याकडे सहसा कुणी बघत नव्हतं. आता सरकार म्हणतंय, आम्ही बघणार.

हे सगळं वॉशिंग्टनमध्ये शिजलं, असं आपण धरून चालतो. पण ‘कागद जवळ नसतील तर गुन्हा’ ही गोष्ट आधुनिक अमेरिकी राजकारणाच्या मध्यावर आणून ठेवली ती एका राज्याच्या आमदाराने. राज्य ॲरिझोना, गाव मेसा, आमदाराचं नाव रसेल पिअर्स. त्यांनी देशाला हादरवणारा कायदा करून घेतला, सुप्रीम कोर्टाने त्याचा मोठा भाग मोडून काढला, आणि त्याआधीच त्यांच्याच मतदारसंघाने त्यांना मुदत संपण्यापूर्वी घरी बसवलं. पिअर्स २०२३ मध्ये वारले. त्यांच्या कल्पना मात्र अजून बातम्यांमध्ये आहेत. म्हणून या माणसाची कारकीर्द नीट समजून घेऊ.

आधी हे बघू: तिकडचा आमदार आपल्यासारखा नसतो

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं विधिमंडळ आहे. नेब्रास्का सोडलं तर सगळीकडे दोन सभागृहं. ॲरिझोनाचे ३० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून १ सेनेटर आणि २ प्रतिनिधी निवडून जातात. म्हणजे वरच्या सभागृहात ३० आणि खालच्या सभागृहात ६० जण. दोघांचीही मुदत फक्त दोन वर्षं. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि साधारण शंभर दिवसांत आटपावं अशी अपेक्षा असते. पिअर्स यांच्या काळात या कामाचा पगार वर्षाला २४,००० डॉलर होता. अमेरिकेच्या हिशेबाने एवढ्यात घर चालत नाही. त्यामुळे या सभागृहात तीच माणसं टिकतात ज्यांचा दुसरा धंदा आहे, किंवा ज्यांना निवृत्तिवेतन मिळतं.

खरा फरक अधिकारांचा आहे. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराने पक्षाचा व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. विधेयकं बहुतेक सरकारच आणतं. खासगी विधेयक मंजूर होणं ही दुर्मीळ घटना. ॲरिझोनात उलट आहे. विधेयक सदस्याच्या नावाने येतं, तोच ते लिहून घेतो, तोच मतं गोळा करतो. पक्षाने डोळे वटारले म्हणून कुणाची जागा जात नाही. त्यामुळे एखादा चिकट, अभ्यासू आणि कुणाला न जुमानणारा आमदार तिथे जे करू शकतो, ते आपल्याकडे मंत्र्यालाही कठीण जाईल.

पण त्याच्या डोक्यावर राज्यपाल असतो. तिथला राज्यपाल लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. त्याला विधेयक नाकारायचा अधिकार आहे. यालाच व्हेटो म्हणतात, आणि तो उलटवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. या व्हेटोला वळसा घालण्याची एक वाटही आहे. विधिमंडळ एखादा प्रस्ताव थेट जनतेच्या मतदानाला पाठवू शकतं, आणि तिथे राज्यपालाची सही लागत नाही. ही वाट लक्षात ठेवा, कारण पिअर्स यांनी ती भरपूर वापरली.

वर्दीतून विधिमंडळात

पिअर्स यांचा जन्म १९४७चा, मेसातलाच. हे गाव १८७८ मध्ये ख्रिस्ती परंपरेतल्या मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी वसवलं. फिनिक्सच्या पूर्वेला असलेलं मेसा पुढे चार लाखांहून अधिक वस्तीचं शहर झालं, तरी जुन्या मॉर्मन कुटुंबांचा शब्द तिथे चालतो. पिअर्स त्याच पंथाचे. आज भारतीय अभियंत्यांची वस्ती असलेलं चँडलर मेसाला अगदी खेटून आहे.

तरुणपणीच ते मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफ खात्यात लागले. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, पण निवडणूक लढवून आलेला. १९७७ मध्ये ग्वाडालूपे या छोट्या वस्तीत काही पोरांचा पाठलाग करताना त्यांना गोळ्या लागल्या. एक छातीत, एक हाताला. बोटाचा तुकडा कायमचा गेला. पुढे २००४ मध्ये त्यांचा मुलगा, तोही शेरीफ खात्यातच, एका छाप्यात गोळी लागून जखमी झाला. गोळी झाडणारा देशात बेकायदा राहत होता. पिअर्स यांचे समर्थक या दोन घटना नेहमी सांगत. विरोधक म्हणत, वैयक्तिक जखमेवरून सगळ्या समाजासाठी कायदा करू नये. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला मात्र वाटतं की गोळीपेक्षा खात्यातल्या दोन दशकांहून अधिक काळाने हा माणूस जास्त घडवला. प्रत्येक प्रश्नाकडे ‘कायदा आहे ना, मग लागू करा’ असं बघण्याची सवय ही पोलिसाची सवय आहे.

खात्यात ते शेरीफ जो अर्पायो यांचे मुख्य उपप्रमुख झाले. हे तेच अर्पायो ज्यांनी १९९३ मध्ये वाळवंटातल्या उन्हात कैद्यांना तंबूंत ठेवलं. त्या तंबू-तुरुंगाची कल्पना आपली होती असं पिअर्स सांगत. नंतर ते राज्याच्या मोटार वाहन विभागाचे संचालक झाले, म्हणजे आपल्या आरटीओचे वरिष्ठ म्हणा. एका वाहनचालक महिलेच्या नोंदीत कर्मचाऱ्यांनी फेरफार केल्याचं प्रकरण निघालं आणि १९९९ मध्ये त्यांना तिथून जावं लागलं. वर्षभराने, नोव्हेंबर २००० मध्ये, ते रिपब्लिकन पक्षाकडून खालच्या सभागृहात निवडून आले.

त्यांचं राजकारण अमेरिकेत ज्याला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात त्या साच्यातलं. कर कमी, सरकारी खर्च कमी, बंदुकीचा हक्क पूर्ण, सीमा घट्ट. २०१० मध्ये परवान्याशिवाय बंदूक लपवून बाळगण्याची मुभा देणारा ॲरिझोनाचा कायदाही त्यांच्याच विधेयकातून आला. त्याच महिन्यात त्यांनी पोलिसांना माणसांचे कागद तपासायला लावणारा कायदा आणला. एकीकडे बंदुकीसाठी कागद नको, दुसरीकडे माणसाला कागदाशिवाय फिरायला मज्जाव. सरकार छोटं हवं म्हणणाऱ्यांना ही विसंगती फारशी टोचली नाही.

सगळं ॲरिझोनातच का पेटलं?

कारण मेक्सिकोच्या सीमेवरून बेकायदा येणाऱ्यांचा लोंढा तिथे वळवण्यात आला होता. १९९३ मध्ये टेक्ससच्या एल पासोत आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सान दिएगोत केंद्र सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर कडक पहारा बसवला. शहरांजवळची वाट बंद झाली की लोक वाळवंटातून यायचा धोका पत्करणार नाहीत, असा सरकारचा अंदाज होता. लोकांनी तो पत्करला. ॲरिझोनाचं वाळवंट हीच मुख्य वाट झाली. शेकडो माणसं तहानेने आणि उन्हाने मेली, आणि जी पोहोचली ती फिनिक्सभोवती राहिली. तिथे घरबांधणीचा धडाका सुरू होता, स्वस्त मजूर हवेच होते.

म्हणजे गवंड्याला काम देणारेही तिथले रिपब्लिकन, आणि तो नको म्हणणारेही रिपब्लिकन. हा आतला ताण ध्यानात घेतला नाही तर पिअर्स यांचा उदय कळत नाही, आणि ते पडले कसे हे तर मुळीच कळत नाही.

दहा वर्षांची पायाभरणी

पिअर्स एका दिवसात प्रसिद्ध झाले नाहीत. २००४ मध्ये मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागणारा प्रस्ताव ॲरिझोनाच्या जनतेने मंजूर केला; पिअर्स त्याच्या पुढाकारात होते. २००६ मध्ये विधिमंडळाने त्या वळशाच्या वाटेने अनेक प्रस्ताव जनतेपुढे ठेवले: बेकायदा राहणाऱ्या व्यक्तीवर गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर जामीन नाही, राज्याच्या महाविद्यालयांत तिला स्थानिकांची सवलतीची फी नाही, इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा. सगळे मंजूर झाले. राज्यपाल होत्या डेमोक्रॅट पक्षाच्या जॅनेट नापोलिटानो. पिअर्स यांची कितीतरी विधेयकं त्यांनी नाकारली, पण सार्वमतापुढे त्यांचा इलाज नव्हता.

२००७ मध्ये मात्र एका विधेयकावर त्यांनीही सही केली. त्यानुसार प्रत्येक मालकाला कामगार घेताना केंद्राच्या संगणकप्रणालीवर त्याची पात्रता तपासणं सक्तीचं झालं. जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवला तर धंद्याचा परवाना निलंबित, दुसऱ्यांदा सापडला तर रद्द. उद्योजकांची संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि मे २०११ मध्ये ५ विरुद्ध ३ अशी हरली. पिअर्स यांचा हा कायदा टिकला. त्यांच्याबद्दल बोलताना लोक हा विजय विसरतात, पण मालकाला जाब विचारणारा हा कायदा माझ्या मते त्यांचं सगळ्यात प्रामाणिक काम होतं.

याच काळात त्यांची दुसरी बाजूही दिसली. २००६ मध्ये त्यांनी १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत मेक्सिकन मजुरांना घाऊक प्रमाणात सीमेपार टाकणाऱ्या मोहिमेचं रेडिओवर जाहीर कौतुक केलं. त्याच सुमारास एका गोऱ्या वर्चस्ववादी गटाचा लेख त्यांनी समर्थकांना ईमेलने पाठवला आणि बोभाटा झाल्यावर माफी मागितली. लेख नीट न वाचता पुढे ढकलला, असा त्यांचा खुलासा होता.

जानेवारी २००९ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. खालच्या सभागृहात सलग चार मुदतींहून जास्त राहता येत नाही, म्हणून पिअर्स सेनेटवर गेले. आणि नापोलिटानो ओबामांच्या मंत्रिमंडळात गृहसुरक्षा खातं सांभाळायला निघाल्या. त्यांच्या जागी आल्या रिपब्लिकन जॅन ब्रूअर. व्हेटोची भिंत पडली.

एसबी १०७०: कायद्यात होतं तरी काय?

एसबी म्हणजे सेनेट बिल, १०७० हा नुसता क्रमांक. ब्रूअर यांनी २३ एप्रिल २०१० रोजी सही केली. मसुदा घडवण्यात क्रिस कोबाक या कायद्याच्या प्राध्यापकाचा मोठा हात होता. ते पुढे कॅन्ससचे ॲटर्नी जनरल झाले. डिसेंबर २००९ मध्ये आमदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसवणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेच्या बैठकीतही पिअर्स यांनी ही कल्पना मांडली होती आणि तिथे तिचा नमुना मसुदा तयार झाला. नमुना असा की इतर राज्यांनी नाव बदलून तो आपल्याकडे आणावा. सीमेजवळ एका पशुपालकाचा मार्च २०१० मध्ये खून झाला होता, मारेकरी सापडला नव्हता, आणि तो सीमेपलीकडून आला असावा या संशयाने वातावरण तापलं होतं. विधेयक भराभर पुढे सरकलं.

त्यातल्या चार तरतुदींवरून रण पेटलं. पहिली, पोलिसांनी कायदेशीर कारणाने कुणाला थांबवलं आणि तो देशात बेकायदा असल्याचा वाजवी संशय आला, तर त्याचा दर्जा, म्हणजे तो देशात कायदेशीर राहतोय का, हे तपासायचंच. दुसरी, केंद्राच्या नियमाप्रमाणे नोंदणीचे कागद जवळ नसणं हा राज्याचाही गुन्हा. तिसरी, परवानगी नसताना काम मागणं हाही गुन्हा. चौथी, हद्दपारीला पात्र ठरेल असं कृत्य केल्याची शंका असेल तर वॉरंटशिवाय अटक. शिवाय एखादं पोलीस खातं हयगय करतंय असं वाटलं तर कुठल्याही रहिवाशाला त्याच्यावर दावा ठोकता येणार होता. राज्यातल्या पोलीसप्रमुखांच्या संघटनेने विरोध केला, फिनिक्सच्या पोलीस शिपायांच्या संघटनेने पाठिंबा दिला. वरच्यांना आणि खालच्यांना एकच कायदा वेगवेगळा दिसत होता.

या सगळ्यामागचा हेतू कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिला होता: अंमलबजावणीतून गळती. सगळ्यांना पकडून विमानात बसवणं शक्य नाही. पण काम मिळू नये, गाडी चालवताना धाकधूक वाटावी, मुलाला शाळेत सोडताना भीती वाटावी, म्हणजे माणसं आपणहून निघून जातील. हा हेतू इतक्या उघडपणे छापलेला क्वचितच दिसतो.

“पण कायद्यातच वंशभेदाला मनाई होती ना?”

होती. सहीनंतर आठवड्यातच दुरुस्ती करून ती आणखी कडक केली गेली. कुणाला थांबवण्याचं कारण वंश असू नये, असं स्पष्ट लिहिलं गेलं. पिअर्स यांचे समर्थक हाच मुद्दा पुढे करत, आणि कागदावर तो बिनतोड आहे.

अडचण रस्त्यावरची. ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ६० मैलांनी जाणारे शेकडो असतात. त्यातल्या कुणाला थांबवायचं हे पोलीसच ठरवतो. थांबवल्यावर ‘वाजवी संशय’ कशावरून घ्यायचा? उच्चार, कपडे, वर्ण वगळले तर उरतं काय, याचं समाधानकारक उत्तर कायद्याच्या बाजूने कुणीच दिलं नाही. मे २०१३ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशाने निकाल दिला की मॅरिकोपा काउंटीचं शेरीफ खातं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांना वंशावरून लक्ष्य करत होतं. हा खटला एसबी १०७० वर नव्हता, पण खातं तेच, जिथे पिअर्स यांच्या उमेदीची वर्षं गेली.

मग कोर्टाने कशावर बोट ठेवलं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ओबामा सरकारने जुलै २०१० मध्ये खटला भरला तो वंशभेदावरून नव्हेच. त्यांचा मुद्दा होता, हा अधिकार राज्याचा नाही.

आपल्या हाउसिंग सोसायटीचं बघा. महापालिकेने ओला-सुका कचरा वेगळा करायला सांगितला तर सोसायटी तो नियम पाळायला लावू शकते, न पाळणाऱ्याची तक्रार महापालिकेकडे करू शकते. पण सोसायटीच्या सचिवाने ‘महापालिका ढिली आहे, मीच तुम्हाला दोन दिवस कोंडून ठेवतो’ म्हटलं तर? नियम तोच, हेतूही चांगला, तरी शिक्षा ठरवण्याचा अधिकार त्याचा नाही. अमेरिकी राज्यघटनेत केंद्राच्या कायद्याला असं श्रेष्ठत्व दिलेलं आहे. ज्या विषयाची पूर्ण व्यवस्था केंद्राने लावली आहे तिथे राज्याने वेगळी शिक्षा घुसवायची नाही. आपल्या घटनेत तर हे आणखी सरळ आहे. परदेशी नागरिक, त्यांचा प्रवेश आणि हकालपट्टी हे विषय थेट केंद्राच्या सूचीत आहेत.

न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, २८ जुलै २०१० रोजी, या चारही तरतुदी रोखल्या. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २५ जून २०१२ रोजी. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाने कागद न बाळगण्याचा, काम मागण्याचा आणि वॉरंटशिवाय अटकेचा, असे तीन भाग रद्द केले. पहिला भाग, म्हणजे थांबवलेल्याचा दर्जा तपासण्याचा, तूर्त राहू दिला. तो कसा वापरला जातो ते बघू, अशा थाटात. २०१६ मध्ये राज्याने नागरी हक्क संघटनांशी समझोता केला आणि त्या उरलेल्या भागाचीही धार बरीचशी गेली.

“केंद्र आपलं काम करत नसेल तर राज्याने हात बांधून बसायचं का?” हा पिअर्स यांचा आवडता सवाल होता, आणि तो पोकळ नाही. लोंढा ॲरिझोनाकडे केंद्राच्याच धोरणाने वळला, आणि शाळा, दवाखाने, तुरुंग यांचा खर्च राज्यावर पडला. निकालातही राज्याच्या या त्राग्याची दखल आहे. पण पन्नास राज्यांनी पन्नास परदेशनीती चालवल्या तर काय होईल, या भीतीपुढे तो मागे पडला. पुण्याहून गेलेल्या अभियंत्याने कॅलिफोर्नियातून टेक्ससला गाडीने जाताना ॲरिझोनात वेगळ्या फौजदारी कायद्याखाली उभं राहायचं का, असाच तो प्रश्न होता.

गावानेच घरी पाठवलं

जानेवारी २०११ मध्ये पिअर्स सेनेटचे अध्यक्ष झाले. ३० पैकी २१ जागा रिपब्लिकनांच्या. हा त्यांचा कळस होता. त्यांनी लगेच पुढचा डाव टाकला: आईवडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील तर इथे जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाला आव्हान देणारी विधेयकं, शिवाय रुग्णालयांत कागद तपासणी वगैरे.

पण आधीच्या कायद्याने परिषदा रद्द झाल्या होत्या, लॉस एंजलिसच्या नगर परिषदेने बहिष्काराचा ठराव केला होता. ॲरिझोनातल्या ६० कंपन्यांच्या प्रमुखांनी मार्चमध्ये पत्र लिहून सांगितलं, आता पुरे. १७ मार्च २०११ रोजी पिअर्स अध्यक्षपदावर असतानाच त्यांच्या पक्षाच्या काही सदस्यांनी डेमोक्रॅट्सशी मिळून या डावातली पाचही विधेयकं पाडली. व्हिप नसण्याचा हा दुसरा चेहरा. ज्या मोकळिकीने पिअर्स मोठे झाले, तीच त्यांच्या सहकाऱ्यांनाही होती.

त्याच महिन्यात फिनिक्सजवळच्या फुटबॉलच्या एका मोठ्या स्पर्धेकडून आमदारांना फुकट तिकिटं आणि सहली मिळाल्याचा अहवाल आला, त्यात पिअर्स यांचं नाव ठळक होतं. गुन्हा दाखल झाला नाही, पण कायद्यावर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसाला ते शोभलं नाही.

मग आला रिकॉल, म्हणजे मुदतीआधी लोकप्रतिनिधीला मतदानाला सामोरं जायला लावण्याचा हक्क. ॲरिझोना या बाबतीत पहिल्यापासून हट्टी. १९११ मध्ये राज्याच्या दर्जासाठी घटना पाठवली तेव्हा न्यायाधीशांनाही परत बोलावण्याची तरतूद होती म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ती फेटाळली. ॲरिझोनाने तरतूद काढली, फेब्रुवारी १९१२ मध्ये राज्य झालं आणि त्याच वर्षी ती परत घातली!

२०११ मध्ये गरज होती ७,७५६ सह्यांची, म्हणजे मागच्या निवडणुकीत त्या जागेसाठी पडलेल्या मतांचा चौथा हिस्सा. रिकॉलची मोहीम चालवणाऱ्या रँडी पराझ यांच्या गटाने १८ हजारांवर सह्या दिल्या. छाननीत १०,३६५ वैध ठरल्या. समोर उभे राहिले जेरी लुईस. तेही रिपब्लिकन, तेही मॉर्मन, शाळा चालवणारे, स्वभावाने सौम्य. मॉर्मन चर्च तोवर या विषयावर मवाळ झालं होतं. कुटुंबं तोडू नका असं म्हणणाऱ्या युटा राज्यातल्या जाहीरनाम्याला नोव्हेंबर २०१० मध्ये चर्चने अनुकूलता दाखवली होती. पंथाचे अनेक तरुण लॅटिन अमेरिकेत धर्मप्रसाराला जाऊन स्पॅनिश शिकून येतात, आणि मेसाच्या चर्चमध्ये लॅटिनो कुटुंबं शेजारी बसतात. पिअर्स यांना हे बदललेलं गाव दिसलंच नाही असं मला वाटतं. ८ नोव्हेंबर २०११ रोजी ते स्पष्ट फरकाने हरले. अमेरिकेच्या इतिहासात राज्य सेनेटच्या विद्यमान अध्यक्षाला असं परत बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

“हा रडीचा डाव नव्हता का?”

पिअर्स यांच्या गोटाची तक्रार होती की बाहेरच्या डाव्यांनी हे घडवलं. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते तांत्रिक जागी. एरवी मेसात रिपब्लिकन पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की काम झालं; तिथे कट्टर मतदार जास्त येतात. रिकॉलमध्ये तो टप्पाच नसतो. सगळ्या पक्षांचे मतदार एकाच वेळी एकाच मतपत्रिकेवर मत देतात. त्यामुळे डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांनाही पहिल्यांदा खरा आवाज मिळाला. याला डाव म्हणायचं की मतदारसंघाचं खरं मत, हे आपापल्या बाजूवर आहे. डाव म्हणाल तर तो पिअर्स समर्थकांनीही टाकला होता: लॅटिनो मतं फोडण्यासाठी तिसरी उमेदवार उभी केल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिने माघार घेतली, जरी नाव मतपत्रिकेवर राहिलं.

पण एक चाचणी अशी आहे जिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. २०१२ मध्ये पिअर्स पुन्हा उभे राहिले, यावेळी नेहमीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत, मुख्यतः रिपब्लिकन मतदारांसमोर. उद्योजक बॉब वॉर्स्ली यांनी त्यांना तिथेही हरवलं.

योगायोग असा की २०११च्याच ऑगस्टमध्ये, लोकपालाचं उपोषण संपवल्यावर, राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ‘राइट टू रिकॉल’ मागत होते. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी अस्थिरता येईल म्हणून विरोध केला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये नगराध्यक्षांपुरती ही सोय आहे, आमदार-खासदारांसाठी नाही. मेसाचा अनुभव दोन्ही बाजूंना वापरता येतो. सरकार कोसळलं नाही, सेनेटने नवा अध्यक्ष निवडला आणि कामकाज चालू राहिलं. पण आपल्याकडे एका आमदाराच्या जाण्याने बहुमत डळमळू शकतं; तिकडे राज्यपाल वेगळा निवडलेला असल्याने ती भीतीच नसते.

“मग पिअर्स हरले म्हणायचे?”

निवडणुकीत हरले. २०१४ मध्ये पक्षाच्या राज्य शाखेचे उपाध्यक्ष असताना सरकारी आरोग्य योजनेवरच्या गरीब महिलांच्या नसबंदीबद्दल ते रेडिओवर बोलले आणि तेही पद सोडावं लागलं. २०११ मध्ये अलाबामा, जॉर्जिया, इंडियाना, साउथ कॅरोलायना, युटा यांनी त्यांच्या कायद्याच्या आवृत्त्या काढल्या. त्यांचे मोठे भाग कोर्टांत अडकले. त्यांच्या कायद्यांनी बेकायदा स्थलांतर कमी झालं का, यावर वाद आहे. संख्या घटली हे खरं, पण त्याच वेळी मंदी आली आणि घरबांधणी बसली. कारण कोणतं, हे वेगळं काढणं अवघड.

कल्पनांचं मात्र निराळं झालं. १९५४च्या मोहिमेचं कौतुक २०१५ मध्ये ट्रम्प यांनी अध्यक्षपदाच्या वादविवादात केलं. ॲरिझोनाच्या सेनेटमध्ये २०११ साली स्वपक्षीयांनी पाडलेली जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारण्याची कल्पना २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात आली, तीही जास्त रुंद होऊन: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर बाळाला नागरिकत्व नाही. एच-१बीवरचं मराठी जोडपं थेट या वाक्यात बसतं. आदेशाला लगेच कोर्टात आव्हान मिळालं आणि न्यायाधीशांनी तो रोखला. पण बेकायदा स्थलांतरितांसाठी म्हणून सुरू झालेला युक्तिवाद कायदेशीर व्हिसावाल्यांपर्यंत किती सहज पोहोचतो, ते यातून दिसलं.

पिअर्स ५ जानेवारी २०२३ रोजी ७५व्या वर्षी वारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी प्रस्ताव ३१४ मोठ्या बहुमताने मंजूर केला: सीमा बेकायदा ओलांडणं हा राज्याचाही गुन्हा. डेमोक्रॅट राज्यपालांनी असंच विधेयक आधी नाकारलं होतं, म्हणून विधिमंडळाने तीच जुनी वळशाची वाट धरली. फक्त एक अट आहे. टेक्ससचा २०२३चा तसलाच कायदा किंवा दुसऱ्या राज्याचा त्यासारखा कायदा सलग ६० दिवस लागू राहिला, तरच ॲरिझोनाचं हे कलम अमलात येईल. आणि टेक्ससच्या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील ज्या निकालाभोवती भांडत आले आहेत, तो २०१२चा आहे, पिअर्स यांच्याच कायद्यावरचा.